सोबतीला कोण येतं?

पार्किन्सन्सने हात थरथरत असला की पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मं पाणी छातीवर सांडतं. ज्यांच्या घरात असं म्हातारं माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. झाकणाचा, नळी असलेला पेला औषधाच्या दुकानातही मिळतो आणि तो आणून दिला की माणूस निदान पाणी तरी स्वतःच्या हाताने पितो. झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पुण्यात २०१७ मध्ये झालेल्या एल्गार परिषदेवरून, माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली दाखल झालेल्या खटल्यात अटक झालेले ते सोळावे. तळोजा तुरुंगात पोचल्यावर त्यांनी ६ नोव्हेंबरला विशेष न्यायालयात अर्ज केला, की मला माझा सिपर आणि स्ट्रॉ मिळावा. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले. वीस दिवसांनी उत्तर आलं, की आम्ही असं काही यांच्याकडून घेतलेलंच नाही.

मग एक गंमत झाली. देशभरातल्या लोकांनी ऑनलाइन दुकानांतून सिपर आणि स्ट्रॉ मागवले आणि घरच्या पत्त्याऐवजी तळोजा मध्यवर्ती कारागृहाचा पत्ता टाकला. बोभाटा झाला आणि तुरुंगाने अखेर त्यांना ते भांडं पुरवलं.

तेव्हा माझ्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले होते, ‘हे नाटक आहे. पार्सलं पाठवून कोणी सुटतं का?’ सुटत नाही हे खरंच. स्टॅन स्वामी सुटलेही नाहीत. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनावर सुनावणी होती आणि ते वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात वारल्याचं त्या सुनावणीतच न्यायमूर्तींना सांगावं लागलं. तरी ‘नाटक’ हा शब्द मला तेव्हाही पटला नव्हता. अटकेतल्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याची आपल्याकडे फारशी चर्चाच होत नाही. एका बाजूला घोषणा असतात, दुसऱ्या बाजूला ‘काहीतरी केलंच असेल ना’ असतं. मधली जागा रिकामी पडलेली आहे.

‘सॉलिडॅरिटी’ला आपण मराठीत एकजूट म्हणतो, पाठिंबा म्हणतो, सभेच्या ठरावात ‘सहभावना’ असंही लिहितो. एकजूट म्हटलं की एकमत गृहीत धरलं जातं. पाठिंबा म्हटलं की लगेच विचारणा होते, कशाला पाठिंबा? मला यापेक्षा आपला घरगुती शब्द बरा वाटतो, सोबत. रात्री विहिरीवर जायचं असलं, दवाखान्यात झोपायला कोणी हवं असलं, मयताच्या घरी पहिल्या रात्री बाईमाणूस एकटं असलं, की आपण सोबतीला जातो. सोबतीला जाणारा आधी त्या माणसाची मतं विचारत नाही.

हा शब्द मी आमच्या आजीकडून शिकलो. आणीबाणीत आमच्या गल्लीतले एक शिक्षक मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. संघाचे. आमचं घर काँग्रेसचं, इतकं की बैठकीत गांधी-नेहरूंच्या शेजारी इंदिराबाईंचा फोटो होता. १९७६ च्या संक्रांतीला त्या शिक्षकांच्या बायकोला गल्लीत कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वैर म्हणून नव्हे, भीती म्हणून. आजी वाण घेऊन त्यांच्याकडे गेली आणि तिथेच दोन तास बसली. संध्याकाळी कोणीतरी आजोबांना गाठून सुचवलं, की वहिनींना जरा सांगा, दिवस बरे नाहीत. आजी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘मी त्यांच्याकडे वाण द्यायला गेले होते, मत द्यायला नाही.’ आमच्या घरात हे वाक्य पुढे इतक्या वेळा सांगितलं गेलं, की त्यातला मूळ शब्द कुठला आणि आम्ही घातलेला कुठला हे आता मलाही सांगता येणार नाही.

त्याच मिसाबंद्यांना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मासिक मानधन सुरू केलं. महिन्याहून अधिक काळ तुरुंगात असलेल्यांना दरमहा दहा हजार रुपये. पुढच्या सरकारने ते बंद केलं, त्याच्या पुढच्याने पुन्हा सुरू केलं आणि २०२५ मध्ये दुप्पट केलं. मला या मानधनाबद्दल तक्रार नाही. खटला न चालवता माणसाला कोंडून ठेवणं हा अन्याय होता आणि ज्यांनी तो सोसला त्यांचा समाजाने मान ठेवला पाहिजे, हे सरकारने लेखी मान्य केलं. फक्त तारखा जवळजवळ ठेवून पाहाव्यात. एल्गार प्रकरणातल्या पहिल्या पाच अटका ६ जून २०१८ च्या. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, प्राध्यापक शोमा सेन, मुंबईचे सुधीर ढवळे, गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करणारा महेश राऊत आणि दिल्लीचे रोना विल्सन. एका पिढीच्या विनाखटला कैदेचा सन्मान सुरू झाला त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात दुसऱ्या पिढीची कैद सुरू झाली. यांच्यावर खटला आहे, मिसाखाली तोही नव्हता, असं कोणी म्हणेल. फरक खरा आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि ढवळे यांना जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षं उलटली होती, साक्षीदार तीनशेच्या वर होते आणि आरोप निश्चित करण्याची पहिली पायरीसुद्धा झालेली नव्हती. तेवढ्या काळात मुलगा पहिलीतून सातवीत जातो.

‘काहीतरी केलंच असेल’ हा आक्षेप मी हलका समजत नाही. पोलिस उगाच कोणाच्या दारात जात नाहीत अशी आपली समजूत असते आणि रोजच्या जगण्याला ती समजूत लागते. अडचण अशी, की बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, ही समजूत कायद्याच्याच अंगात मुरवलेली आहे. कलम ४३ ड (५) सांगतं, की पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असेल तर जामीन देता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या वटाली निकालात पुढे म्हटलं, की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची फार चिकित्सा करायची नाही. आता कागद लिहिले पोलिसांनी, वाचायचे ते खरे धरून, आणि ते खरे की खोटे हे ठरणार खटल्यात. खटला सात वर्षं उभाच राहत नाही. केंद्र सरकारनेच संसदेत दिलेले आकडे आहेत : २०१६ ते २०१९ या चार वर्षांत या कायद्याखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. काही खटले अजून चालू असतील हे धरूनही या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात राहणाऱ्या माणसांचा हा प्रश्न आहे.

जी. एन. साईबाबांची गोष्ट आपल्याच राज्यातली. पोलिओमुळे लहानपणापासून दोन्ही पाय निकामी झालेला इंग्रजीचा प्राध्यापक. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून २०१४ मध्ये अटक, २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयात जन्मठेप, मग नागपूर मध्यवर्ती कारागृहातला अंडा सेल, म्हणजे एकांतातली कोठडी. २०२० मध्ये आई वारली, पॅरोल मिळाला नाही. १४ ऑक्टोबर २०२२ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सोडलं, तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून तो निकाल थांबवला. ५ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने दुसऱ्यांदा निर्दोष ठरवलं. बाहेर येऊन सात महिने झाले आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादमध्ये ते वारले. त्याच खटल्यात गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण होता, पांडू नरोटे. तो ऑगस्ट २०२२ मध्ये तुरुंगात असतानाच आजारी पडून मेला. न्यायालयाने त्यालाही निर्दोष ठरवलं, मेल्यावर.

म्हणून ‘निकाल लागू दे, मग बघू’ हे म्हणणं वरवर समतोल दिसलं तरी त्यात एक बाजू घेतलेली असते. इथे शिक्षा निकालाच्या आधीच भोगून होते. निकालानंतर सोबतीला जायचं ठरवलं तर बऱ्याचदा पोचायचं ते अंत्ययात्रेला.

आपल्या इतिहासात याहून धीट माणसं होऊन गेली. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा जामिनासाठी दारोदार फिरावं लागलं होतं आणि अखेर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. बचावासाठी बंगालमध्ये वर्गणी जमली, ती जमवणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते. तिकडून दोन बॅरिस्टर मुंबईला आले. टिळकांचं राजकारण सगळ्याच बंगाल्यांना पटत होतं अशातला भाग नाही. शिक्षा झाल्यावर तिकडे विलायतेत मॅक्स म्युलरने सुटकेच्या अर्जावर सही केली, ती एका वेदाभ्यासकाने दुसऱ्या वेदाभ्यासकासाठी केलेली सही होती. १९०८ चा प्रसंग तर शाळेच्या पुस्तकातला आहे. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगारांतल्या बहुतेकांनी ‘केसरी’ची एक ओळ वाचलेली नव्हती, वाचताच येत नव्हती. (टिळकांना शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले वकील. खुर्ची बदलली की माणसाला दिसणारा देखावा बदलतो, एवढंच म्हणतो.)

१९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. आणीबाणी लागलेली. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. जयप्रकाश नारायण तुरुंगातून मूत्रपिंडं निकामी होऊन बाहेर आलेले आणि मुंबईत जसलोकमध्ये पडलेले. अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी त्या मांडवात लोकांना उभं राहून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. लोक उभे राहिले. कोणी घोषणा दिली नाही, ठराव झाला नाही, आजारी माणसासाठी प्रार्थना करायला कोणत्या कायद्याने बंदी घालायची? पुढच्या वर्षी दुर्गाबाईंनाच अटक झाली, तीही एशियाटिकच्या ग्रंथालयातून. आपल्याला हा प्रसंग अभिमानाने सांगायला आवडतो. सांगावाच. पण आज कुठल्या साहित्य संमेलनाच्या मांडवात तुरुंगातल्या एखाद्या आजारी लेखकासाठी असं दोन मिनिटं उभं राहता येईल का, हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवून बघावं. पन्नास वर्षांपूर्वीच्या धैर्याला टाळ्या वाजवायला काही पडत नाही.

या सगळ्या खटल्यांकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट दिसते. आत गेलेल्यांपैकी कितीतरी जण आधी दुसऱ्याच्या सोबतीला गेलेले होते. साईबाबांचा गडचिरोलीतला खटला लढवणारे वकील सुरेंद्र गडलिंग. साईबाबांना शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी गडलिंग स्वतः आरोपी झाले. स्टॅन स्वामींनी झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांचा अभ्यास केला, खटले लवकर चालावेत म्हणून तिथल्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मग ते स्वतः त्याच रांगेत जाऊन उभे राहिले. सुधा भारद्वाज छत्तीसगडमध्ये खाण कामगारांच्या आणि आदिवासींच्या वकील. त्यांना भायखळ्याच्या महिला तुरुंगात ठेवलं, तर तिथे त्या बराकीतल्या बायकांचे जामीनअर्ज लिहीत बसल्या. सोबत करणारालाच आत घातलं की बाहेरच्यांना आपोआप निरोप पोचतो. तो निरोप आपल्याला पोचलेला आहे, म्हणून आपण गप्प आहोत. त्यासाठी कोणी धमकी द्यावी लागली नाही.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सदस्य नसलेल्या पण तिला मदत करणाऱ्या माणसालाही शिक्षेची तरतूद आहे. त्यावर बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या, म्हणजे लोकांना शंका आली होतीच. कायदा संघटनेबद्दल बोलतो, एखाद्या कैद्याला पोस्टकार्ड पाठवण्याबद्दल नाही. पण पोस्टाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कितपत आठवेल?

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त बोचतो. गडचिरोलीतला माझा एक मित्र विचारतो, ‘तुमची ही सोबत आमच्या पोलिसांच्या वाट्याला का येत नाही?’ १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात १५ पोलिस आणि त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण गेले. बहुतेक तिथलीच पोरं. पुण्या-मुंबईत मानवाधिकारांवर बोलणाऱ्यांपैकी कितीजण त्यांच्या घरी गेले? मित्राचं म्हणणं बरोबर आहे आणि याला ‘पण’ लावून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. त्या घरी जायलाच हवं होतं. हिंसेला हिंसा म्हणताना ज्यांची जीभ अडखळते, अशांच्या सभांना मी जाणं सोडलंय. मात्र त्या सोळा जणांचं दुःख हा कोणाला खटल्याविना कोंडून ठेवण्याचा परवाना होऊ शकत नाही. त्यांच्या आईबापांनाही खरा गुन्हेगार हवा असेल, सात वर्षांची तारीख नको असेल.

मित्र पुढे म्हणतो, की तुम्ही मोठ्या नावांसाठी रडता. तुरुंग भरलेत ते बिननावाच्या माणसांनी. हेही खरं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांत तिघांवर अजून गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर म्हणून स्टॅन स्वामींचंच एक पत्र आहे. तळोज्यातून त्यांनी मित्रांना कळवलं होतं, की अरुण (फरेरा) मला सकाळ-दुपारचं जेवायला मदत करतो, व्हर्नन (गोन्सालविस) अंघोळ घालतो. हे दोघे त्याच खटल्यातले सहआरोपी. आणि कोठडीतले दोन सोबती रात्रीचं जेवण भरवतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. ती दोघं फार गरीब घरची आहेत, त्यांना तुमच्या प्रार्थनेत आठवा. अरुण आणि व्हर्नन यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्यासाठी मोर्चे निघाले. ते दोघं कोण होते, कुठल्या गुन्ह्यात आत होते, सुटले का, कोणी विचारलं नाही. पण ते आहेत हे तरी आपल्याला कळलं ते नाव असलेल्या एका कैद्याच्या पत्रामुळे. नावाजलेल्या माणसाचा खटला ही बिननावाच्या माणसांपर्यंत पोचायची खिडकी ठरू शकते. ती तशी आपण वापरत नाही, हा दोष आपला.

आपल्या बाजूच्या सवयींबद्दलही बोललं पाहिजे. अटक झाली की पहिल्या आठवड्यात निषेधसभा, तीच गाणी, तेच वक्ते, समोर बसलेले तेच सत्तर-ऐंशी जण. मग फोटो. मग वर्षश्राद्धासारखी दरवर्षी एक सभा. कैद्याचं पोस्टर झालं की तो माणूस राहत नाही, त्याला चष्मा लागतो हे विसरलं जातं. याच खटल्यातले पत्रकार गौतम नवलखा यांचा चष्मा तळोज्यात चोरीला गेला तेव्हा घरच्यांनी नवा करून पोस्टाने पाठवला, तो तुरुंगाने परत केला. माणुसकी सगळ्यात महत्त्वाची, असं तेव्हा उच्च न्यायालयाला म्हणावं लागलं आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आलीय, असंही. पुढे त्यांना वुडहाउसचं विनोदी पुस्तक नाकारलं गेलं, कारण काय तर सुरक्षेला धोका. हे हास्यास्पद आहे, असं न्यायमूर्तींनाही म्हणावं लागलं. चष्मा, पुस्तक, पाण्याचा पेला. तुरुंगातलं आयुष्य एवढ्याएवढ्याशा वस्तूंवर चालतं आणि सोबतही एवढ्याएवढ्याशाच कामांची असते. मनीऑर्डर, कारण कॅन्टीनमधून साबण घ्यायचा तर खात्यावर पैसे लागतात. पत्र, आणि तेही साध्या मराठीत किंवा हिंदीत, कारण तुरुंगात ते आधी कोणीतरी वाचतो आणि त्याला कळलं नाही तर ते त्याच्याच टेबलावर पडून राहतं. राजकारण लिहू नये. पाऊस कसा पडला, आंब्याला मोहर आला का, हे लिहावं. आतल्या माणसाला तेच हवं असतं.

अवघड काम पुढचं आहे. जामीन झाला तरी जामीनदार लागतो, त्याला ऐपतीचा दाखला लागतो, आणि आपल्या घरांत तर ‘कोणाला जामीन राहायचं नाही’ हे मुलाला मिसरूड फुटल्याबरोबर बजावलेलं असतं. विल्सन आणि ढवळे यांचा जामीन ८ जानेवारीचा, ते तळोज्याच्या दारातून बाहेर पडले २४ तारखेला. आणि बाहेर पडून जायचं कुठे? छत्तीसगडच्या सुधा भारद्वाजांना, हैदराबादचे कवी वरवरा राव यांना अट घातली, की मुंबई सोडायची नाही. जिथे ना काम ना गोत, अशा शहरात या वयात खोली शोधायची. भाडेकराराबरोबर पोलिसांकडे माहिती द्यावी लागते. सोसायटीच्या सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात हा विषय निघतो. मोर्च्याला येणारे शंभर असतील, पण अशा माणसाला आपला रिकामा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर देणारे किती, हा मला खरा हिशेब वाटतो. मीही दिलेला नाही. माझ्याकडे दुसरा फ्लॅट नाही ही माझी सोय आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या म्हणीत आपल्या सगळ्या भित्रेपणाला शहाणपणाचं नाव मिळालंय. मी ती पायरी एका परिचिताच्या आग्रहाने चढलो, दोनेक वर्षांपूर्वी. तारखेला माणसं दिसली पाहिजेत, एवढंच तो म्हणाला होता. काही करायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मुंबईच्या सत्र न्यायालयात सकाळी अकराला पोचलो. लाकडी बाकडी, भिंतीला टेकून उभे पोलिस, काखेत फायली घेऊन धावणारे ज्युनिअर वकील. आरोपींची गाडी यायची होती. कधी येते, कधी नुसता निरोप येतो की आज पार्टी मिळाली नाही, म्हणजे आरोपींना आणायला पोलिसच उपलब्ध नव्हते. मग वकील उभे राहतात, पुढची तारीख पडते आणि तेवढ्यात एक महिना गेलेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तळोज्यात एल्गारच्या आरोपींनी उपोषण केलं होतं ते याचसाठी, की आम्हाला निदान कोर्टात तरी न्या.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. नऊवारी, पायात रबरी चपला, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. मराठवाड्यातून रात्रभर एसटीने आलेल्या. त्यांचा मुलगा कुठल्याशा मारामारीच्या गुन्ह्यात तीन वर्षं आत होता, एल्गारशी त्यांचा काही संबंध नव्हता. डबा देऊ देतील की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्या दर तारखेला आणत. भाकरी आणि कोरडी चटणी, विटत नाही म्हणून. मी बराच वेळ गप्प बसलेला पाहून त्यांनी विचारलं, ‘तुमचं कोण आहे आत?’

मला पटकन उत्तर सुचेना. कोणीच नाही म्हणावं तर मग इथे कशाला आलात, हा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, ‘ओळखीचे आहेत.’

त्यांनी मान डोलावली आणि फडकं आवळून बाकावर थोडं सरकून घेतलं. ‘टेकून बसा मग,’ म्हणाल्या, ‘गाडी साडेबाराच्या आत येत नाही.’